कॉम्प्युटर इंजिनिअरिंग की बी.एस्सी. जिऑलॉजी? घरात रोज वाद, जाणकारांनी मत द्या

खडूवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे जवळपास वाचनमात्रच असते, पाककृतींच्या धाग्यांवर कधीतरी दोन ओळी लिहिल्या असतील तेवढंच, पण आता घरात विषय इतका तापलाय की बाहेरच्या चार माणसांशी बोलल्याशिवाय डोकं चालणार नाही.

आम्ही कराडचे. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान. मोठी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, बोर्डाला ८४ टक्के आणि सीईटीला पीसीएममध्ये ९३ पर्सेंटाइल. धाकटा आठवीत आहे. घराचं कर्ज अजून बरंच बाकी. ९३ म्हणजे सीओईपी, व्हीजेटीआय नाही हे आम्हाला पण कळतं, पण सांगली-कोल्हापूरकडे बऱ्यापैकी खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर किंवा एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स) मिळून जाईल असं क्लासवाले सर म्हणतात.

आणि बाईसाहेब म्हणतायत की मला फर्ग्युसनला जाऊन बी.एस्सी. जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र, करायचंय. हे खूळ काल-परवाचं नाही. दहावीत असताना कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करणारी जी प्रयोगशाळा आहे ना हजारमाचीला, ती बघायला मिळाली होती तिला, तिथे जमिनीच्या पोटातून काढलेले दगडाचे लांब दांडके बघितले आणि तेव्हापासून डोक्यात हेच. खडीच्या खाणीवरून झिओलाइटचे तुकडे आणून ठेवते, माळ्यावर तीन खोके भरलेत, सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघायला म्हणून आम्हाला शिर्डीची ट्रिप तिकडून वळवायला लावली.

मिस्टरांचं म्हणणं एकच, दगड रविवारी गोळा कर, सोमवार ते शनिवार पगार कमव. ते काही वाईट बाप नाहीयेत हो, त्यांचा धाकटा भाऊ आवडीने नाट्यशास्त्र शिकला आणि आता त्याच दुकानात काउंटरला बसतो, ते रोज डोळ्यासमोर असतं त्यांच्या.

फीचं पण सांगते. मुलींना फी माफी आहे ना, ती आम्हाला बसत नाही, दोघांचं मिळून उत्पन्न आठ लाखाच्या थोडं वर जातं. म्हणजे इंजिनिअरिंगला वर्षाला लाख-सव्वा लाख फी अधिक होस्टेल-मेस. बी.एस्सी.ला फी त्या मानाने किरकोळ, पण पुण्यात राहायचा खर्च आहेच.

कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, ऑप्शन फॉर्म भरायची वेळ जवळ आलीये. या लाइनमधलं कुणी आहे का इथे? नोकऱ्या खरंच असतात का? मुलीच्या जातीला जमतं का हे काम? प्लीज खरं खरं सांगा, मन राखायला नको.

बिनधास्त_बंड्या

मुलीला जे आवडतं ते करू द्या!! आयुष्य एकदाच मिळतं. पैसा काय कसाही येतो. पॅशन फॉलो केलं की सक्सेस आपोआप मागे येतं. +१००

रात्रपाळी

बंड्या, पैसा कसाही येतो तर मग माझा हप्ता भरायला ये की या महिन्यात.

ताई, मी आयटीत आहे, मेकॅनिकल करून आलो, कोडिंगची आवड वगैरे काही नव्हती, आजही नाही. पण याच नोकरीवर वडिलांचं बायपास झालं, बहिणीचं लग्न झालं, हिंजवडीच्या अलीकडे का होईना दोन खोल्या झाल्या. आवड नसलेल्या कामातून इतकं मिळालं, मला त्याची लाज नाही वाटत. संध्याकाळी तबला वाजवतो, तो तबला पगारातूनच घेतलाय. पॅशन पॅशन करणारे बहुतेक लोक मागे वडिलांची जमीन किंवा बायकोची नोकरी असलेले असतात, हे इथे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

तुमच्या घरावर कर्ज आहे आणि मागे एक लेकरू आहे. मिस्टर बरोबर आहेत.

वाफाळता_चहा

@रात्रपाळी, पण तुम्ही ज्या काळात लागलात तो काळ वेगळा होता ना. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो (नाव विचारू नका). कॉम्प्युटरच्या जागा इतक्या वाढवल्यात की ज्या वर्गात पूर्वी साठ पोरं असायची तिथे आता तीन-तीन तुकड्या. आणि मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखाच्या आसपास, दहा-बारा वर्षांपूर्वी पण तेवढंच होतं. ऑफर लेटर हातात आणि जॉइनिंग वर्षभर नाही अशी पोरं आमच्या स्टाफरूममध्ये येऊन बसतात. २०२५ च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं ते सगळ्यांनी वाचलं असेलच.

म्हणजे कॉम्प्युटर करू नका असं नाही. ९३ पर्सेंटाइलवाली, स्वतःहून धडपडणारी पोरगी कुठेही निभावून नेईल. फक्त ‘एक बाजूला सुरक्षित, दुसऱ्या बाजूला जुगार’ असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. दोन्हीकडे जुगारच आहे, एकीकडे गर्दी जास्त इतकंच.

रात्रपाळी

गर्दी आहे म्हणजे दुकानं पण जास्त आहेत सर. हजार जागांसाठी दहा हजार पोरं आणि दहा जागांसाठी दोनशे पोरं यात मला पहिलं परवडतं.

बेसाल्ट

धागा आत्ता बघितला. मी जिऑलॉजीवाला, राज्याच्या भूजल खात्यात नोकरी करून निवृत्त, आता पावसाळा सोडून अधूनमधून विहिरी-बोअरच्या जागा दाखवायचं काम करतो. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं, नोकऱ्या कुठे आहेत. केंद्रात जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया (जीएसआय), १८५१ पासूनचं खातं. त्यासाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट म्हणून वेगळी परीक्षा असते, एम.एस्सी. लागतं, वय २१ ते ३२. क्लास वन, बेसिक ५६,१०० पासून, वर भत्ते. ऐकायला छान. पण जागा बघा, २०२३ ला २८५ होत्या आणि २०२४ ला ५६. दोन्ही आकडे भूगर्भ, भूभौतिक, रसायन, भूजल सगळे धरून. म्हणजे तुमची मुलगी कुठल्या वर्षी एम.एस्सी. होऊन बाहेर पडते यावर नशीब अवलंबून. राज्यात आमचं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय, जिल्ह्याला खनिकर्म अधिकारी. जाहिरात आली तर येते, नाहीतर पोरं पस्तिशीपर्यंत वाट बघत बसतात. ओएनजीसी, कोल इंडिया घेतात पण दर वर्षी भरती निघेलच असं नाही. खाजगीत तेल, खाणी, बोगदे, धरणं, भूजल. मेट्रो-३ चे बोगदे खोदताना, एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकला रोज पुढे कसला दगड लागतोय हे बघायला माणूस लागतोच. पण सुरुवातीचा पगार आयटीच्या फ्रेशरइतका किंवा कमी, आणि राहायचं साइटवरच्या कंटेनरमध्ये.

रात्रपाळी यांचं गणित म्हणून अगदीच चुकीचं नाही.

आता दुसरं, जे कुणी बोललंच नाही अजून. कुठला दरवाजा नंतर उघडा राहतो आणि कुठला बंद होतो ते बघा. समजा मुलीने बी.एस्सी. जिऑलॉजी केलं आणि तिसऱ्या वर्षी वाटलं की नको बाबा हे, मला कॉम्प्युटरकडे जायचंय. बारावीला गणित होतं ना? एमसीएची सीईटी देऊन ती एमसीए करू शकते. एमबीए आहे, बँका आहेत, एमपीएससी आहे. आता उलट करा. बी.ई. कॉम्प्युटर झाली आणि मग वाटलं की आपल्याला दगडच हवे होते. जिऑलॉजीच्या एम.एस्सी.ला पदवीला जिऑलॉजी मागतात, आयआयटीत जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून जायचं तरी तेच. आणि ते एम.एस्सी. नाही तर जीएसआयच्या जिऑलॉजिस्टच्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे परत पहिल्यापासून बी.एस्सी. आपल्याकडे बाविशीत परत एफवायला कोण बसतं?

हे सगळ्या विषयांना लागू नाही बरं का. आमच्या एका नातेवाइकांच्या मुलाला पुरातत्त्वात जायचं होतं, त्याला मीच म्हटलं आधी बी.ई. कर. कारण डेक्कन कॉलेजला आर्किऑलॉजीच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. तो दरवाजा उघडाच आहे, घाई कशाला. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान, पुष्कळ गोष्टी नंतर करता येतात. जिऑलॉजीत तसं नाही.

म्हणून मिस्टरांना सांगा, आवड की पैसा हा वाद जरा बाजूला ठेवा, यातलं परत न मिळणारं काय आहे ते आधी बघा.

खडूवाली

बेसाल्ट सर, खूप खूप धन्यवाद. हे मी जसंच्या तसं मिस्टरांना वाचून दाखवलं. एमसीएचं ऐकून जरा गप्प झाले. मग म्हणाले सर निवृत्त आहेत म्हणजे त्यांना जुनी पेन्शन असेल, आताच्या पोरांना आहे का विचार.

बेसाल्ट

हाहाहा. दुकानदार माणूस बरोबर जागी बोट ठेवतो. मला जुनी आहे. केंद्रात २००४ नंतर लागलेल्यांना एनपीएस (नवी पेन्शन योजना), आणि आता १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा (युनिफाइड पेन्शन स्कीमचा) पर्याय आलाय. जुन्यासारखी नाही, पण अगदी शून्य पण नाही.

रात्रपाळी

सर, तुमचा दरवाज्यांचा मुद्दा पटला, खरंच विचार केला नव्हता. पण एक कागदावरचा दरवाजा असतो आणि एक खरा. बी.एस्सी. जिऑलॉजी अधिक एमसीए झालेली मुलगी आणि बी.ई. झालेली मुलगी एकाच इंटरव्ह्यूला बसत नाहीत. बी.ई.ला चौथ्या वर्षी कंपनी कॉलेजात येते, तिला दारोदार फिरावं लागेल. आणि एमसीए धरून पाच वर्षं झाली, म्हणजे एक वर्ष पगार गेला, वर एमसीएची फी. तेवढं पण हिशोबात धरा.

बेसाल्ट

धरतो. मान्य आहे. पण तो खर्च फक्त मन बदललं तरच आहे. मन नाही बदललं तर काहीच नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काहून इतकं टेन्शन घेऊन राहिले भाऊ तुम्ही सगळे. तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक नागपूरले विसरूनच जाता. अबे जिऑलॉजीची अर्धी दुकानं आमच्याकडं हायेत. जीएसआयचं मध्य विभागाचं ऑफिस नागपूरले, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपूरले, मॅंगनीजवाली मॉइल कंपनी नागपूरले, वेस्टर्न कोलफिल्ड्स नागपूरले, राज्याचं खनिकर्म संचालनालय पण इथंच. युनिव्हर्सिटीचा जिऑलॉजी विभाग जुना आणि तगडा. पोरीले एम.एस्सी.ले इकडं पाठवा, उन्हाळा सोडला तर गाव चांगलं हाय.

माझा चुलतभाऊ मॅंगनीजच्या खाणीत हाय. पैसा बरा, क्वार्टर, पोरांची शाळा सगळं. पण खाण म्हणजे खाण, गणपतीले सुट्टी भेटन याची ग्यारंटी नाही.

मनीमाऊ_२

मुलगी फिल्डवर, डोंगरात, खाणीत... काकू मला तर भीतीच वाटते. लग्नाच्या वेळी पण प्रश्न येतात हो. माझ्या नणंदेची मुलगी सिव्हिल साइटवर होती, तीन स्थळं त्यावरून परत गेली.

फिल्डबुक

@मनीमाऊ_२ मग तीन वाईट स्थळं टळली असं समजा ना.

मी सध्या एम.एस्सी. जिऑलॉजी करतेय पुण्यातच, सेकंड इयर. मुलगी आहे, सोलापूर जिल्ह्यातली आहे, आणि घरी सेम राडा झाला होता म्हणून लॉगिन केलं. आमच्या बॅचला निम्म्याच्या आसपास मुली आहेत. फिल्डला ग्रुपने जातो, सर-मॅडम असतात, धर्मशाळेत किंवा होस्टेलला राहतो. खरा त्रास काय असतो सांगू का, दिवसभर उघड्या माळावर बाथरूमची सोय नसते. हे कुणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही. आम्ही मुली पाणी कमी पितो, मग डोकं दुखतं, मग मॅडम ओरडतात. आणि ऊन. आणि बॅगेत दिवसभर गोळा केलेले दगड, संध्याकाळी वाटतं अर्धे टाकून द्यावेत, पण प्रत्येकावर नंबर टाकलेला असतो.

खाणीत भुयारात काम करायला बायकांना कायद्याने बंदीच होती, ती २०१९ ला उठवली, अटी आहेत पण उठवली. आणि १९८३ च्या मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय बायका अंटार्क्टिकाला गेल्या, त्यातल्या सुदीप्ता सेनगुप्ता जिऑलॉजिस्टच, आणि दुसऱ्या अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, पुण्यात शिकलेल्या, समुद्रशास्त्रज्ञ. म्हणजे मुलीच्या जातीला जमतं का याचं उत्तर आपल्या आयांच्या तरुणपणीच देऊन झालंय.

काकू तुमच्या मुलीला एक आधीच सांगून ठेवा. बी.एस्सी. जिऑलॉजी म्हणजे छान छान क्रिस्टल बघणं नाही. मायक्रोस्कोपखाली दगडाचं पातळ काप ठेवून तास न् तास मिनरल ओळखायचे, क्रिस्टलोग्राफीची डोकं फिरवणारी चित्रं, फॉसिलची लॅटिन नावं पाठ करायची, नकाशावरून सेक्शन काढायचे. माझ्या वर्गात दगड आवडतात म्हणून आलेले दोघं पहिल्याच वर्षी गेले. आणि चुकून आलेली, मेडिकल हुकलं म्हणून आलेली एक आता सगळ्यात पुढे आहे.

पणजीकार

गोव्यातून थोडं कडू सांगतो, राग मानू नका. २००० नंतरच्या तेजीत आमच्याकडे लोहखनिजाला चीनमधून इतकी मागणी होती की जिऑलॉजी झालेल्या पोराला डिग्री हातात पडायच्या आधी नोकरी. माझा मित्र त्यातलाच, सांग्याला घर बांधलं, गाडी घेतली. २०१२ ला खाणी बंद झाल्या. मग परत थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. ट्रकवाल्यांपासून जिऑलॉजिस्टपर्यंत सगळे घरी. तो चाळिशीच्या उंबरठ्यावर आफ्रिकेत गेला, बायको-मुलं इथे. आता बरा आहे, पण मुलीचं बालपण व्हिडिओ कॉलवर बघितलं त्याने.

या क्षेत्रात वर-खाली फार असतं. तेलाचा भाव पडला की तेलवाले लोक काढतात, लोखंडाचा पडला की खाणवाले. कॉम्प्युटरवाल्याला एक कंपनी सुटली तर त्याच शहरात दुसरी मिळते. जिऑलॉजिस्टला दुसरा देश बघावा लागतो.

पर्थची_पमी

वर पणजीकारांनी लिहिलंय ते खरंच आहे, पण दुसरी बाजू म्हणजे दुसरा देश मिळतो सुद्धा. आम्ही वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, नवरा एक्स्प्लोरेशन जिऑलॉजिस्ट, मूळचे चंद्रपूरकडचे. इथे विमानाने खाणीवर जायचं, दोन आठवडे तिथे आणि एक आठवडा घरी असं चक्र. पगार चांगला, पण घर, मुलं, गणपती, आजारपण सगळं मी एकटी बघते, तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो 🙂 आणि हे तुमची मुलगी करणार असेल तर तिकडे घर बघणारा जावई शोधावा लागेल, गंमत नाही करत, इथल्या बायका जिऑलॉजिस्टचं तेच बोलणं असतं.

शिवाय इकडे यायला शिक्षणाचा खर्च प्रचंड. ते चित्र बघून आत्ता निर्णय घेऊ नका. पुढचं पुढे.

गणितात_कच्चा

आयसर पुणे का नाही? तिथे अर्थ अँड क्लायमेट सायन्स आहे. नाहीतर धनबादचं आयएसएम, खरगपूर. नागपूरला व्हीएनआयटीत मायनिंग इंजिनिअरिंग पण आहे, म्हणजे बी.टेक. पण झालं आणि दगड पण झाले, मिस्टर पण खूश.

खडूवाली

आयसरची परीक्षा दिली होती, नाही लागलं. जेईई मेन्सला ८१ आले, त्यात व्हीएनआयटी कुठलं. सिव्हिलचा पर्याय मी काढला होता, ती म्हणते काँक्रीटमध्ये मला रस नाही.

काल रात्री जेवताना मी हा सगळा धागा मोठ्याने वाचला. पणजीकारांचं वाचून झालं तेव्हा मिस्टर म्हणाले, बघ. फिल्डबुकचं वाचून झालं तेव्हा मुलगी म्हणाली, बघा. आता तिला स्वतःला लिहायचंय म्हणतेय, माझ्याच आयडीवरून लिहिते.

हाय, मी मुलगी. आधी एक क्लिअर करते, ‘पॅशन’ हा शब्द मी घरात एकदाही वापरलेला नाहीये, तो आईने आणला. मला कोडिंगचा राग पण नाहीये, बारावीच्या सुट्टीत पायथॉन शिकले थोडं, ओके आहे. मला इतकंच माहितीये की कोयनेचं वाचताना मी कंटाळत नाही. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ला आमच्या आजीच्या घराची भिंत पडली ती का पडली, धरणात पाणी साठल्याचा त्याच्याशी काय संबंध, तीन किलोमीटर खोल भोक पाडून खाली त्यांना काय सापडलं, हे मला कुणी परीक्षेला विचारणार नसताना पण मी वाचते. माळीण झालं, तळीये झालं, इर्शाळवाडी झालं, दर वेळी टीव्हीवर दोन दिवस दाखवतात आणि मग पुढच्या पावसात दुसरं गाव. कुठला उतार सरकणार हे आधी बघणारं कुणीतरी लागतंच ना? उद्या आवडेनासं झालं तर? होऊ शकतं, मी अठरा वर्षांची आहे. पण चार वर्षं बाबांचे पाच-सात लाख घालून अशा वर्गात बसायचं जिथे मी पहिल्या दिवसापासून खिडकीबाहेर बघणार, हे मला जास्त रिस्की वाटतं. आणि फिल्डबुक ताई, बाथरूमचं सांगितल्याबद्दल थँक्स, कुणीच सांगत नाही असं.

वाफाळता_चहा

ही पोरगी आमच्या कॉलेजात न आलेलीच बरी, स्टाफला प्रश्न विचारेल.

रात्रपाळी

बाई, तू लिहिलंयस चांगलं. माझं मत अर्धंच बदललंय, प्रामाणिकपणे सांगतो. एक कर. सुटलेला धागा म्हणून कॉम्प्युटर हातात ठेव. पायथॉन ओके आहे म्हणतेस तर ओकेवर थांबू नकोस. यूजीसीने २०२२ पासून दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिली आहे, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन चालते. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस आहे, जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता परीक्षा असते, आणि मधेच सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. सोपा नाहीये, आमच्या ऑफिसातली दोघं करतायत, रविवार जातो सगळा. पण जिऑलॉजीवाली मुलगी जर डेटा हाताळू शकली तर तुझ्या बाबांची झोप परत येईल.

फिल्डबुक

हे खरंच भारी सजेशन आहे. आमच्याकडे ज्यांना क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि थोडं कोडिंग येतं त्यांना इंटर्नशिप लगेच मिळतात, बाकीचे हातोडा घेऊन बसलेत. फक्त पहिल्या सेमला दोन्ही एकदम सुरू करू नकोस, पुण्यात सेट होऊ दे आधी. आणि कॉलेजात जाऊन विचारून घे की मायनरला कॉम्प्युटर किंवा स्टॅट्स घेता येतं का, नवीन धोरणात मेजर-मायनर आलंय पण प्रत्येक कॉलेजचं कॉम्बिनेशन वेगळं असतं.

अण्णा_बारामती

अवांतर: बेसाल्ट सर, आमच्या शेतात बोअरची जागा बघायला याल का? गेल्या वेळी पाणाड्याने नारळ फिरवून सांगितलं तिथे चारशे फूट कोरडं गेलं.

बेसाल्ट

अण्णा, व्यनि करा. आमच्या धंद्यातली ही पण एक गंमत मुलीला सांगून ठेवतो. यंत्र लावून, जमिनीत वीज सोडून, तीन तास उन्हात मोजमाप घेऊन जागा सांगायची, आणि शेतकरी म्हणतो थांबा जरा, पाणाड्याला पण विचारून घेतो. पाणी लागलं तर श्रेय त्याचं, नाही लागलं तर साहेबांचं यंत्र बिघडलेलं. एवढ्या वर्षांत मला त्याचा राग येईनासा झाला.

संचालक

अवांतर व्यनित हलवावं. धागा विषयावर राहू द्या.

खडूवाली

मंडळी, अपडेट देते. फर्ग्युसनच्या यादीत नाव आलं. कॅपच्या पहिल्या फेरीत सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एआय-डीएस पण लागलं, पण ती तिसऱ्या पसंतीची जागा आहे.

परवा मिस्टर स्वतः तिला घेऊन पुण्याला गेले, मी नाही गेले, शाळेत पोषण आहाराची तपासणी होती. तिथल्या विभागात एका मॅडमशी बोलले, आधीची पोरं कुठे लागली ते नावानिशी विचारून वहीत लिहून आणलंय, कोण जीएसआयत, कोण एम.एस्सी. करून बँकेत, कोण काहीच न करता घरी. घरी बसलेल्यांची नावं सुद्धा विचारली, काय सांगू आता. येताना गाडीत म्हणे दोघं बापलेक हायवेच्या कटिंगमधले थर बघत आले, ती दाखवत होती आणि ते म्हणत होते समोर बघू दे मला.

ठरलं असं की बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा. मिस्टरांच्या अटी अशा, तिसऱ्या वर्षी जॅम द्यायची, दुसऱ्या वर्षापासून तो मद्रासचा कोर्स किंवा तसलं काहीतरी करायचं, आणि एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षांत काही लागलं नाही तर एमसीए किंवा दुकान, तिने निवडायचं. ती म्हणाली दुकान चालेल, हार्डवेअरमध्ये हातोडे मिळतात. इंजिनिअरिंगचे जे पैसे वाचतील त्यातले काही तिच्या नावाने एफडीत टाकणार आहेत, एम.एस्सी. बाहेर करायची झाली तर. धाकट्याचं कसं होणार ते अजून कुणालाच माहीत नाही, त्याला सध्या फक्त क्रिकेट दिसतं.

दीर अजूनही गप्प आहेत. पण काल त्यांनी तिला त्यांची जुनी ट्रेकिंगची सॅक काढून दिली.

एक विचारायचं होतं, कॅपची जागा सोडताना काही कागदपत्रं अडकतात का?

वाफाळता_चहा

तुम्हाला जागा अजून फक्त लागलेली आहे, कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का केलेला नाही ना? मग अडकायला काहीच नाही. रिपोर्टिंग केलं नाही की जागा आपोआप सुटते. पक्का केला असता तरी ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केला तर हजार रुपयांपर्यंत कापून बाकी फी परत मिळते, तारखेनंतर मात्र रडारड. मूळ एलसी एकाच ठिकाणी जमा होते, म्हणून आधी ठरवा आणि मगच द्या. मार्कलिस्टच्या, डोमिसाइलच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवा. होस्टेलसाठी आजच फोन करा, प्रवेश मिळाला म्हणजे होस्टेल मिळतंच असं नाही.

रात्रपाळी

होस्टेल नाही मिळालं तर सांगा ताई, कर्वे रोडला ओळखीच्या एक काकू मुलींना ठेवतात, जेवण चांगलं आहे, फक्त दहाला दार बंद.

नवी_सुरुवात_नवी

छान चर्चा. माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, मुलाला नीटला ४१० आहेत आणि त्याला बी.ए. सायकॉलॉजी करायचंय, मिस्टर म्हणतात बीएएमएस. काय करावं?

संचालक

कृपया नवीन धागा काढावा.

बेसाल्ट

काढा काढा. आणि त्यात आधी हे लिहा की सायकॉलॉजीचं एम.ए. बीएएमएसनंतर करता येतं का. चौकशी करून मग बोलू.